वरणाचं पथ्य

मी जन्मभर अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलं. प्रथिनं म्हणजे काय, ती शरीरात काय काय करतात, हे मी झोपेतही सांगू शकेन. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे सांगतोही. असं असून माझ्या सख्ख्या बहिणीला तुरीच्या वरणाची एक वाटी खाऊ घालायला मला जवळजवळ अख्खा उन्हाळा लागला. ते आठवलं की अजूनही थोडा राग येतो. कोणाचा येतो, हे मात्र आता ठरवता येत नाही.

बहीण माझ्यापेक्षा बरीच मोठी. आमच्या घरात मोठ्या बहिणीला बाई म्हणायची रीत, म्हणून ती माझी बाई. ती लग्न होऊन अकोल्याला गेली, मी अमरावतीलाच राहिलो. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा दाल मिलमध्ये फिटर आहे, सून घरी शिवणकाम करते. गेल्या उन्हाळ्यात बाई गच्चीवर कुरड्या वाळत घालून उतरत होती, शेवटच्या पायऱ्यांवर पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी बसवली, डॉक्टर म्हणाले छान झालंय. मीही फोनवर सगळ्या नातेवाइकांना तेच सांगितलं.

घरी आणल्यावर मात्र टाक्यांच्या जागी ओल दिसायला लागली. आधी थोडं पिवळसर पाणी, मग पट्टी भिजेल इतकं. घरात चौकशी सुरू झाली आणि कारण लगेच सापडलं. ऑपरेशननंतर बाई गुंगीत असताना दवाखान्यातल्या मावशींनी तिला चार चमचे वरणभात चारला होता. झालं. डॉक्टरनं काय सांगितलं, औषध कोणतं, याची कोणालाच पडली नव्हती. तुरीच्या वरणानं पू झाला, एवढं सगळ्यांना पटलं होतं.

आमच्याकडं हा नेम फार जुना आहे. गळू होवो, टाके पडोत की हाड मोडो, आधी तूर बंद. मग वांगं बंद, अंडं बंद, आंबट बंद. जखम सुकेपर्यंत माणसानं भाकर, दोडका, दुधी आणि भात एवढ्यावर दिवस काढायचे. यात जातपात आड येत नाही. बाईच्या शेजारी एक खाला राहतात. त्या बकऱ्याच्या पायांचं सूप करून घेऊन आल्या, हड्डीला हड्डीच लागते म्हणाल्या. बाई माळकरी नाही, पण मटण तिनं कधी खाल्लेलं नाही. तिनं हात जोडले. खालांनी डबा परत नेला, आणि जाताना सुनेला बजावून गेल्या की काही झालं तरी तूर की दाल मत देना. ज्या घराच्या दारात मिलमधून येणाऱ्या मुलाच्या कपड्यांना रोज तुरीची भुकटी लागलेली असते, त्या घरात बाई वरणाच्या भांड्याकडं पाहायलाही तयार नव्हती.

दूध तिला लहानपणापासून पचत नाही. पनीर म्हणजे फाडलेलं दूध, म्हणजे तेही आंबटात जमा. मग डॉक्टरांनी प्रथिनांच्या पावडरचा डबा लिहून दिला. बाई त्याला तयार झाली होती, हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचा घोळ माझा आहे. तिनं डबा माझ्या हातात दिला आणि हे कशापासून करतात ते वाच म्हणाली. मी मास्तर. छापलेलं दिसलं की वाचतो. सोयाबीन, मी मोठ्यानं वाचलं. सोयाबीनची शेंग आमच्या भागात शेताशेतात उभी असते; ती डाळीच्याच जातीची, हे बाईला मी सांगायची गरज नव्हती. डबा फळीवर गेला तो गेलाच.

मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जायचो, सकाळी निघालो की दुपारच्या जेवणाला तिथं. मे महिन्यातलं अकोला म्हणजे बोलायलाच नको. रिक्षावाला सीटवर ओलं फडकं टाकून बसवायचा. घरात कूलरपुढं बाईची खाट. एका दुपारी मी खुर्ची ओढली आणि तिचा पूर्ण तास घेतला.

हाड मोडलं की तिथं रक्त साकळतं, मी सांगितलं. ते साकळणं हेसुद्धा प्रथिनाचंच काम. रक्तातल्या एका प्रथिनाचे धागे होतात आणि जाळं धरतं. मग मोडल्या जागच्या पेशी बाहेर काही प्रथिनं सोडतात, ती निरोप्याचं काम करतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ती बोलावून आणतात. पहिल्यांदा येणाऱ्या पेशी जंतू मारतात, मेलेलं झाडून नेतात. जागा सुजते, तापते, ठणकते ती यांच्या या कामामुळं. सूज म्हणजे दुखणं वाढलं असं आपल्याला वाटतं, पण सुरुवातीच्या दिवसांत ती नसेल तर हाड नीट जुळत नाही. मग निरोप बदलतो. दुसरी प्रथिनं सांगतात की पुरे, आता बांधायला घ्या. झाडलोट करणाऱ्या पेशी वळण बदलतात आणि नवं हाड घडवणाऱ्यांना हाक मारतात. वय झालं की पहिला निरोप वेळेवर थांबत नाही, आणि अंगात प्रथिनं कमी असली की निरोपही अपुरे, पांढऱ्या पेशीही कमजोर आणि जंतूंना अडवणारी द्रव्यंही तोकडी. कापसाच्या जिनिंगला आग लागली की भोंगा वाजतो, तसं समज, मी म्हणालो. भोंगा वाजला पाहिजे, माणसं आली पाहिजेत, आणि आग विझल्यावर भोंगा बंदही झाला पाहिजे.

जिनिंगचं नाव निघाल्यावर तिनं मान भिंतीकडं वळवली. मला वाटलं, कंटाळली. वर्गातही मागच्या बाकावरची पोरं अशीच मान वळवतात.

“आन पू?” तिनं भिंतीकडं पाहतच विचारलं.

पू म्हणजे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेले जंतू आणि खराब झालेला ऊतींचा भाग, मी सांगितलं. तो खाण्यातून येत नाही, जंतूंमुळं होतो. उलट खाण्यातून प्रथिनं मिळाली नाहीत तर शरीर ती स्वतःच्या मांसातून काढतं. तुझ्या पोटऱ्या बघ किती वाळल्यात.

“म्हंजे पांढऱ्या पेशी वाढल्या त पू बी वाढन,” ती म्हणाली.

आता याला काय म्हणावं? इतकी वर्षं शिकवलं, पण माझंच वाक्य उचलून इतक्या सरळपणे माझ्यावर उलटवणारं पोरगं मला भेटलं नव्हतं. मी पाणी पिऊन बाहेर ओसरीत जाऊन बसलो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांचा चेहरा उतरलेला होता. औषधं चालू आहेत, पण रक्तात प्रथिनं फार कमी झालीत, जखम भरायला अंगात काही नाही, ते म्हणाले. पाणी येणं थांबलं नाही तर पुन्हा उघडून साफ करावं लागेल. जंतू सळीपर्यंत गेले तर सळीच काढायची वेळ येईल, आणि मग आजी चालतील की नाही हे मी सांगू शकत नाही. बाई स्ट्रेचरवर होती, तिनं हे सगळं ऐकलं. परत येताना गाडीत ती पट्टीवर हात ठेवून पडून होती. मला वाटलं, आता तरी खाईल. संध्याकाळी तिनं दोडक्याची भाजी आणि भाकर मागितली.

मग एका दुपारी मी आणि सुनेनं मिळून लबाडी केली. कल्पना माझी, हात तिचे. तूर शिजवून तिचं वरचं पाणी गाळून घेतलं, हळद-हिंग काही नाही, त्यात दुधी किसून उकळला, जिऱ्याची फोडणी दिली आणि दुधीचं सूप म्हणून वाटी बाईच्या हातात दिली. सून औषध आणायला बाहेर पडली. तिला सासूच्या तोंडावर खोटं बोलवत नव्हतं. मला बोलवत होतं.

बाईनं एक घोट घेतला आणि थांबली. अकोल्यात संसार केलेल्या, दाल मिलवाल्याच्या आईला तुरीचं पाणी ओळखू येणार नाही असं मला वाटलंच कसं, देव जाणे. तिनं घोट पदरात थुंकला. तोंडात बोट घालून जीभ पुसली, पुन्हा पुसली. वाटी तिनं माझ्याकडं अशी ढकलली की अर्धं चादरीवर सांडलं. बाईला चिडलेली मी खूपदा पाहिली आहे. तिचा हात पाठीत बसला की दिवसभर आठवण राहायची. घाबरलेली मात्र मी तिला कधी पाहिली नव्हती.

तिची भीती दिसत असूनही मी ओरडलो, कारण इतक्या दिवसांचा राग साचला होता. अडाणीपणाला काही हद्द असते म्हणालो. तुझा मुलगा डाळ भरडणाऱ्या यंत्रांवर जगतो आणि तू डाळीला विष समजतेस म्हणालो. शेवटी म्हणालो, “बाई, तुले चालाचं नाई काय आता?”

तिनं चादरीच्या कोरड्या टोकानं सांडलेलं टिपलं. मग म्हणाली, “दार लोटून घे.”

मी दार लोटलं. त्यानंतर तिनं जे सांगितलं ते तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं, मायला ठाऊक नव्हतं, कोणालाच ठाऊक नव्हतं.

आमचे बाबा अमरावतीत एका जिनिंगमध्ये कामाला होते. मी नुकता चालायला लागलो होतो तेव्हा दाबून बांधलेली रुईची जड गाठ घसरून त्यांच्या पायावर पडली. एवढं मला माहीत होतं. नडगीचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं, दवाखान्यातून बांधून घरी पाठवलं आणि काही आठवड्यांनी ते गेले, हेही ऐकून होतो. बाईनं पुढचं सांगितलं. घरात पथ्य लागलं. माय आणि आत्या त्यांना भाकर आणि बिनतिखटाची भाजी द्यायच्या, दुसरं काही नाही. बाबा रोज वरण मागायचे. दोघी त्यांची समजूत काढायच्या, पाय बरा झाला की हंडाभर रांधू म्हणायच्या. एक दिवस माय दुसऱ्याच्या शेतात निंदणाला गेली होती, आत्या बाजारात. चुलीवर आमच्यासाठी शिजवलेलं वरण होतं. बाबांनी बाईला हाक मारली. ती परकर नेसायच्या वयातली पोर. बाप हात पुढं करून मागतो आहे म्हटल्यावर तिनं वाटीभर वरण वाढलं, वर तूप सोडलं. त्यानंतर बाबांना ताप चढला. पायातून पू वाहायला लागला. मग ते गेले. तेरवीला आलेल्या बायांसमोर आत्या म्हणाली की कोणीतरी याच्या तोंडात वरण घातलं, नाहीतर माझा भाऊ गेला नसता. बाई तिथंच सगळ्यांच्या पत्रावळी उचलत होती.

“मी नाई बोलली,” बाई म्हणाली. “तवाबी नाई बोलली, मंगबी नाई बोलली.”

मला एकदम एक लग्न आठवलं. मी चौथी-पाचवीत असेन. पायाच्या अंगठ्याला काच लागून चिंधी बांधलेली, आणि मी पंगतीत बसून वरण-पोळी कुस्करून खात होतो. बाई लांबून धावत आली, दंडाला धरून मला पंगतीतून उठवलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर पदरानं माझं तोंड पुसलं. ओठ सोलतील इतकं पुसलं. पोरं हसली. कितीतरी दिवस मी तिच्याशी बोललो नाही, आणि मोठेपणी हा किस्सा मी बहिणीच्या खुळेपणाची गंमत म्हणून सांगत आलो.

“तू एवढा शिकला,” ती म्हणाली. “आता खरं सांग मले. वरनानं झालं काय ते?”

वर्गात मी पोरांना शिकवतो की विज्ञानात छातीठोक बोलू नये. पुरावा काय, नोंद काय, आधी पाहावं. इथं कसलीच नोंद नव्हती. बाबा नेमके कशानं गेले हे सांगणारा डॉक्टरही आता नसेल. पण वरणानं पू होत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, नाही. वरणानं नाही. हाड कातडी फोडून बाहेर आलं तेव्हाच जिनिंगमधली घाण आत गेली, जंतू त्या दिवशीच शिरले.

तिला ते पुरलं नाही. मला बरं वाटावं म्हणून सांगू नको, म्हणाली. मग मी तिलाच विचारलं. तू वरण दिलंस त्याच्या आधी पायाला वास येत होता का?

तिनं डोळे मिटले. ती जुन्या घरातल्या त्या खोलीत जाऊन उभी राहिली आहे हे मला दिसत होतं, आणि मी घाई केली नाही.

“येत होता,” ती सावकाश म्हणाली. “माय सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावे. मले त्या खोलीत जावासं नाई वाटे.”

मग झालं तर, मी म्हणालो. पू आधीच होता. तुझं वरण नंतरचं. आणि मला वाटलं आता आपण जिंकलो, म्हणून मी पुढंही बोललो, मास्तरची जीभ कुठं थांबते. म्हणालो की बाबांच्या अंगाला त्या वेळी प्रथिनंच हवी होती, लढायला आणि हाड सांधायलाही, आणि त्या घरात त्यांना हवं ते तू एकटीनंच दिलंस.

तिच्या डोक्यात हिशेब माझ्यापेक्षा लवकर झाला.

“म्हंजे ज्यायनं नाई देल्लं ते चुकले,” ती म्हणाली. “म्हंजे माय चुकली.”

याचा मी विचारच केला नव्हता. एकीच्या डोक्यावरचं ओझं काढून मी ते दुसरीच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि ती दुसरी आमची माय. मी गडबडलो. सांगितलं की असलं ओझं कोणाचंच नसतं. मायनं तेच केलं जे सारं गाव करत होतं. नवरा वाचावा म्हणूनच तिनं त्याला आवडीचा घास नाकारला, आणि ते करताना तिचं काय झालं असेल ते तिलाच ठाऊक. शिवाय वाटीभर वरणानं एवढा जंतूंचा कहर थांबला नसता. औषध लागलं असतं, ते वेळेवर मिळालं नाही. हे सगळं खरं होतं, आणि तरी बोलताना माझा आवाज मलाच पोकळ वाटत होता.

“बरं झालं माय हे आयकाले नाई राह्यली,” बाई म्हणाली, आणि रडायला लागली. मीही रडलो, त्यात लपवायचं काय. दोन म्हातारी माणसं, एक खाटेवर, एक खुर्चीत. सून औषध घेऊन आली, दारातून आमच्याकडं पाहून तशीच स्वयंपाकघरात गेली आणि तिथं उगाच भांडी वाजवत राहिली.

जरा वेळानं बाई म्हणाली, वाटी आण. सूप नको, वरण आण, घट्ट आण. मी आणलं. वर तूप सोडलं. पहिला घास तिनं तोंडात बराच वेळ धरून ठेवला. गिळला, मग पट्टीकडं पाहिलं, जणू लगेच काही होणार होतं. मग दुसरा घेतला. त्या दिवसापासून ती दोन्ही वेळा वरण खायला लागली, पुढं फळीवरचा डबाही खाली आला. औषध बदललं, जखम हळूहळू कोरडी पडली, पुन्हा उघडावी लागली नाही. यात वरणाचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे मला कोणी विचारू नये. आता ती वॉकर धरून खालांच्या दारापर्यंत जाते आणि तिथं बसून माझ्या शिकवण्याच्या नकला करते, असं सून सांगते.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मला बाबा अजिबात आठवत नाहीत. माझ्याकडं त्यांचा एक फोटो आहे, स्टुडिओतला, अंगावर कोणाचातरी मागून आणलेला कोट. लहानपणी मी बाईला खूपदा विचारायचो की बाबा कसे होते. होते चांगले, एवढं म्हणून ती उठून जायची. तिला त्यांच्याबद्दल बोलायला आवडत नाही, अशी मी समजूत करून घेतली आणि विचारायचं सोडून दिलं.

वाटी संपत आली तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, पण बोलताना ती हसत होती.

“तवा तू बी होता ना तिथं,” ती म्हणाली. “म्या वाटी देल्ली त बाबायनं तुले खाटेवर वढून घेतलं. एक घास सोता खाल्ला, एक तुले देल्ला. तू तोंडावर सांडे, ते धोतरानं पुशे. अर्धं वरन त तुलेच चारलं त्यायनं.”

तिनं रिकामी वाटी पुढं केली, मी आत जाऊन ती पुन्हा भरून आणली, आणि या वेळी माझीही.